पॉवर स्टेअरिंग पंपाची दुरुस्ती

हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग असलेल्या मोटारीत चालकाच्या हाताचा जोर वाचवण्याचे काम तेल करते आणि त्या तेलाला दाब देतो तो इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा एक लहानसा पंप. त्याचे सील, ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी), पाती, झडप, बेअरिंग आणि पुली हे भाग कालांतराने झिजतात. ते बदलून पंप पुन्हा कामाचा करणे किंवा पंपच नवा बसवणे, असे या दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. पंप कुरकुरला म्हणून तो बदलायचा आणि नव्या पंपाचाही तसाच आवाज ऐकायचा, असा अनुभव अनेक गाडीमालकांना येतो. दोष पुष्कळदा तेलात, होजमध्ये (तेलाच्या रबरी नळीत) किंवा बेल्टमध्ये असतो. म्हणून या कामात पाना हाती घेण्याआधीचे निदान सर्वांत मोलाचे.

अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ मध्ये तेलाच्या दाबावर चालणारे स्टेअरिंग मोटारीवर बसवून दाखवले. प्रवासी मोटारीत ते विक्रीसाठी आले मात्र १९५१ मध्ये, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. १९८८ च्या सुझुकी सर्व्होपासून विजेच्या मोटरचे स्टेअरिंग आले आणि हळूहळू लहान गाड्यांतून पंप नाहीसा झाला. महाराष्ट्राच्या रस्त्यांवर तो अजून भरपूर दिसतो: बोलेरो, जुनी स्कॉर्पिओ, पहिल्या पिढीची इनोव्हा ही नेहमीची उदाहरणे.

रचना : बहुतेक पंप व्हेन (पात्यांच्या) प्रकारचे असतात. खाचा पाडलेला रोटर, त्या खाचांत मागेपुढे सरकणारी (सहसा १०) पोलादी पाती आणि भोवती अंडाकृती पोकळीची कॅम रिंग असा त्याचा गाभा. रोटर फिरू लागला की पाती बाहेर फेकली जाऊन रिंगला टेकतात. दोन पात्यांमधली जागा मोठी होताना तेल ओढले जाते, लहान होताना दाबले जाते, आणि हे एका फेऱ्यात दोनदा घडते. इंजिनाचा वेग वाढला तरी स्टेअरिंगला लागणारे तेल तेवढेच असते, म्हणून जादा तेल परत वळवणारी प्रवाह-नियंत्रक झडप पंपातच बसवलेली असते. तिच्याच पोटात दाब मोकळा करणारी झडप असते. स्टेअरिंग टोकापर्यंत वळवून धरले की ती उघडते, सूं असा आवाज येतो आणि तेल झपाट्याने तापते. म्हणून तसे ५ सेकंदांहून जास्त धरू नये.

निदान : तेलाच्या बाटलीचे, म्हणजे पंपाला तेल पुरवणाऱ्या लहान टाकीचे, झाकण उघडून पाहावे. तेलावर फेस असेल किंवा ते दुधट दिसत असेल तर आत हवा जात आहे. इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. बाटलीतून पंपाकडे येणाऱ्या होजमध्ये दाब नसतो, ओढ असते. तिथला क्लॅम्प सैल झाला किंवा सांध्यातली ओ-रिंग कडक झाली तर तेल बाहेर टपकेलच असे नाही. उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या बुडबुड्यांमुळे पंप घुरघुरतो आणि मेकॅनिकला वाटते की पंप संपला. काही होंडा मोटारींत पंपाच्या तोंडाशी असलेली एक ओ-रिंग बदलताच हा आवाज थांबतो. बाटलीच्या तळाची जाळी गाळाने तुंबली असली तरी पंप तसाच उपाशी राहतो.

बेल्ट सैल असेल तर जागच्या जागी वळवताना चीं असा आवाज येतो. पंपाचा आवाज त्याहून जाड, रेस दिली की चढणारा. स्टेअरिंग मधूनच जड, मधूनच हलके होत असेल तर झडपेत कचरा अडकल्याचा संशय घ्यावा. खात्री हवी असेल तर पंप आणि स्टेअरिंग रॅक (चाके वळवणारा भाग) यांच्यामध्ये झडपेसह दाबमापक जोडतात. मापकाची झडप क्षणभर बंद केल्यावर कंपनीने सांगितलेला दाब मिळाला तर पंप निर्दोष. मग रॅककडे बघावे.

भाग बदलणे : बेल्ट उतरवून, तेल काढून पंप सोडवतात. दाबून बसवलेली पुली पुलरनेच काढायची आणि स्क्रूच्या हत्यारानेच परत चढवायची. हातोडीचा घाव शाफ्टमधून थेट आतल्या रोटरवर आणि त्याला लागून असलेल्या प्लेटवर बसतो. पंप उघडण्याआधी बाहेरून धुऊन कोरडा करावा. जनरल मोटर्सच्या जुन्या सॅगिनॉ पंपात कवचाला एक बारीक भोक असते. त्यातून पिन दाबली की आतली अडकण-रिंग उचलली जाते आणि मागचे झाकण स्प्रिंगच्या जोराने बाहेर येते.

गळती थांबवायला सील-किट पुरते. जुने सील उचकटताना शाफ्टला ओरखडा पडू देऊ नये. सील जिथे टेकते तिथे शाफ्टवर नखाला लागेल एवढी चरी असेल तर नवे सीलही गळणार. नवे सील तेलाचे बोट लावून, ओठ आतल्या बाजूला ठेवून, त्याच मापाच्या सॉकेटने सरळ बसवावे. पात्यांची गोलाई दिलेली कड कॅम रिंगकडे हवी, आणि रोटर व रिंग यांची दिशा उघडतानाच खूण करून ठेवावी. प्रवाह-नियंत्रक झडप बोटाने ढकलून सहज सरकायला पाहिजे. होज जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे (बॅन्जो बोल्ट) तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वायसर जुने वापरू नयेत. रिंगवर किंवा प्लेटवर खोल ओरखडे दिसले तर किटवर पैसे घालण्यात अर्थ नाही, तिथे पंपच बदलावा.

नवा पंप लवकर गेला तर त्याचे एक मोठे कारण जुन्या पंपाचा धातूचा चुरा असतो. तो रॅक, होज आणि बाटलीत राहिलेला असतो. म्हणून परतीची नळी सोडून स्वच्छ तेल येईपर्यंत सगळी वाट धुवावी. जाळी बाटलीतच घट्ट बसवलेली असेल तर बाटलीही बदलावी.

तेल आणि हवा काढणे : कोणत्या गाडीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे लाल तेल (एटीएफ), कोणत्यात हिरवे कृत्रिम तेल, हे झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेले असते. एकाच्या जागी दुसरे चालत नाही. ब्रेक ऑइल तर चुकूनही ओतू नये; या यंत्रणेतली नायट्राइल रबराची सील त्याने फुगून मऊ पडतात. भरल्यानंतर पुढची चाके जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश १५-२० वेळा फिरवावे आणि पातळी खाली जाईल तसे तेल घालत राहावे. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करावे. घाईने आधीच सुरू केले तर हवा तेलात घुसळली जाते. अशा वेळी गाडी काही तास उभी ठेवून फेस बसू द्यावा आणि मग पुन्हा सुरुवात करावी.