रंगच सुताला जाळतो तेव्हा : किरणोत्सारी प्रतिपिंडांच्या उत्पादनाची पार्श्वभूमी

सोलापुरातल्या कुठल्याही जुन्या रंगाऱ्याला विचारा. सुताच्या एका लडीवर चढलेला रंग मोठ्या हौदात तसाच चढेल, याची खात्री तो देणार नाही. कर्करोगाच्या पेशी हुडकून त्यांना चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला, म्हणजे एका खास प्रथिनाला, किरणोत्सारी अणू जोडतानाही हेच घडले. इथे तर रंगच सुताला जाळतो: जोडलेल्या अणूचे किरण प्रतिपिंडालाच मोडतात.

प्रेसमन आणि कीगली यांनी १९४८ मध्ये आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी आयोडीन जोडलेली प्रतिपिंडे उंदरांच्या मूत्रपिंडात जाऊन बसतात, हे दाखवले. १९६२ साली हंटर आणि ग्रीनवुड यांच्या क्लोरामाइन-टी या रसायनाच्या पद्धतीने ही जोडणी झटपट होऊ लागली. पण एकाच साच्यातली प्रतिपिंडे हवी तेवढी मिळायला १९७५ उजाडावे लागले. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी संकरित पेशींकडून, म्हणजे प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि कर्करोगाची पेशी यांच्या जोडातून, ती बनवून घेतली.

त्यानंतरची झुंज मला सर्वांत मोलाची वाटते. प्रयोगापुरती मात्रा अगदी थोडी असते. अनेक रुग्णांच्या उपचाराची मात्रा एका भांड्यात आली की किरण पाण्याचेच रेणू फोडतात, आणि त्यातून सुटलेले मुक्त मूलक, म्हणजे रेणूंचे अतिक्रियाशील तुकडे, प्रथिनावर तुटून पडतात. म्हणून द्रावण पातळ ठेवायचे, क जीवनसत्त्वासारखे संरक्षक घालायचे, गोठवायचे. आयोडीन हवेत उडते, तेव्हा शिशाच्या बंद कक्षात यांत्रिक हातांनी काम आणि हवेच्या वाटेवर कोळशाची गाळणी. न चिकटलेले आयोडीनही काढावेच लागते, नाहीतर ते थेट थायरॉइडमध्ये जाते.

लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर अमेरिकेत २००२ मध्ये झेवालिन आणि २००३ मध्ये बेक्सार ही अशी दोन औषधे मंजूर झाली. बेक्सारमध्ये आयोडीन कारखान्यातच जोडून कुप्या गोठवून पाठवत. झेवालिनमधल्या यिट्रियम-९० या किरणोत्सारी अणूचे अर्धायुष्य, म्हणजे ताकद निम्मी होण्याचा काळ, जेमतेम ६४ तास, म्हणून ते वापराच्या ठिकाणाजवळच जोडत. मागणी कमी म्हणून बेक्सार २०१४ मध्ये बंद झाले. उपयोगी औषध असे थांबावे, याचे वाईट वाटते.

आपल्याकडे मुंबईतल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम-१७७ हा असाच प्रतिपिंडाला जोडता येणारा किरणोत्सारी अणू तयार होतो. त्याचे अर्धायुष्य साडेसहा दिवसांहून थोडे जास्त. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते, आणि आपल्या जिल्ह्यातले कितीतरी रुग्ण आजही सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईला उपचाराला जातात. तोच रस्ता औषधाने उलट कापायचा आणि दारापासून दारापर्यंत बारा तास लागले, तर यिट्रियमची सुमारे १२ टक्के ताकद वाटेतच सरेल, ल्युटेशियमची ५ टक्के.