उत्पन्नाचा दाखला (गोव्यातील घरबांधणी अनुदान)

घर बांधायला किंवा घ्यायला सरकारी अनुदान मागणाऱ्या कुटुंबाची कमाई ठरलेल्या मर्यादेत आहे, असे सांगणारा महसुली कागद. गोव्यात तो तालुक्याचा मामलेदार देतो. अर्ज मामलेदार कचेरीत किंवा गोवा ऑनलाइन पोर्टलवर करता येतो. पगाराची स्लिप, फॉर्म १६, आयकर विवरणपत्र, पासबुक यांतले जे हाताशी असेल ते जोडायचे. काहीच नसले तर प्रतिज्ञापत्रावर काम भागवायचे. शहानिशा तलाठी करतो.

पालिका हद्दीत मुख्य योजना म्हणजे १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेली प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.०. वर्षाचे कौटुंबिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असल्यास दुर्बल गट, ६ लाखांपर्यंत अल्प आणि ९ लाखांपर्यंत मध्यम उत्पन्न गट, अशी तिची विभागणी आहे. स्वतःच्या जागेवर घर बांधण्याचे अनुदान पहिल्या गटालाच मिळते. वरच्या दोन गटांच्या वाट्याला मुख्यतः गृहकर्जाच्या व्याजातली सवलत येते. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. देशात कुठेही यांपैकी कोणाचे पक्के घर नसावे, ही अट वेगळीच.

पंचायत हद्दीत हिशेब निराळा. ग्रामीण आवास योजनेत (सपाट भागात १ लाख २० हजार रुपये) गाळणी अपात्रतेच्या निकषांनी लागते: घरात कोणी आयकर भरतो का, सरकारी नोकरीत आहे का, कुणाही एकाची कमाई महिन्याला १५ हजारांच्या वर आहे का. ही मर्यादा २०२४ पर्यंत १० हजार होती. मोटर बसवलेली होडी, दुचाकी किंवा फ्रिज यांतले एक जरी असले तरी घर बाद, हा नियमही तेव्हाच गेला. किनाऱ्यावरच्या गावांत होडी ही चैन कधीच नव्हती.

दोन मोजपट्ट्यांचा परिणाम गमतीदार होतो. महिन्याला २० हजार मिळवणारा एकटा कमावता असलेले घर (वर्षाला २ लाख ४० हजार) शहरात दुर्बल गटात बसते, गावात बाद होते. नवरा-बायको प्रत्येकी १४ हजार मिळवत असतील (वर्षाला ३ लाख ३६ हजार), तर नेमके उलट. मधे फक्त पालिकेची हद्द.

खरी अडचण हंगामी कमाईची. समजा, शॅकच्या (किनाऱ्यावरच्या हंगामी खानावळीच्या) स्वयंपाकघरात काम करणाऱ्याला आठ महिने २४ हजार मिळतात आणि पावसाळ्याचे चार महिने गवंड्याच्या हाताखाली ९ हजार. बायको काजूच्या बियांतून वर्षाला ४५ हजार जोडते. बेरीज २ लाख ७३ हजार. पण कोणी शॅकच्या पगाराला सरळ बाराने गुणले, तर बियांसकट आकडा ३ लाख ३३ हजार होतो आणि अनुदान हातचे जाते. म्हणून प्रतिज्ञापत्रात महिने वेगळे लिहावेत, मालकाचे पत्र जोडावे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून ते दाखल्यात धरायचे नाही, हा गैरसमज बागायतदारांत सर्रास आढळतो. तारवटी (खलाशी) मुलगा बोटीवर असला आणि अविवाहित असला, तर त्याचा पगारही कुटुंबाच्याच खात्यात.

पोर्तुगीज नागरी संहितेची एक खूण इथे दिसते. नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, या तिच्या तत्त्वामुळे आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ५अ नुसार गोव्यातील दांपत्याचे पगाराखेरीजचे उत्पन्न दोघांत निम्मे वाटले जाई. दुकानाचा नफा ४ लाख असला तर नवऱ्याच्या विवरणपत्रात २ लाखच दिसत. तेवढेच विवरणपत्र जोडून दुर्बल गट मागता येत नाही. दाखल्यात दोन्ही निम्मे पुन्हा एकत्र येतात. अर्जदार लबाडी करतो असेही नाही, त्याच्या हातातल्या कागदावर तोच आकडा असतो.

दाखला कमाईपुरताच. जागेचा प्रश्न एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीचा उतारा) सुटतो, आणि मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या) घराखालच्या जमिनीच्या उताऱ्यावर अनेकदा नाव असते भाटकाराचे, म्हणजे जमीनमालकाचे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने मुंडकाराला हुसकावता येत नाही, घराची जागा विकत घेण्याचा हक्कही आहे. पण ते प्रकरण मामलेदाराच्याच दुसऱ्या टेबलावर, वेगळ्या फाइलीत चालते.