शर्यतीनंतरचे आयुष्य : ‘निवृत्त’ घोडा म्हणजे नेमका कोणता?

शर्यतीसाठी पैदास होणाऱ्या थरोब्रेड जातीच्या घोड्यांची वंशावळ इंग्लंडमध्ये १७९१ पासून छापली जाते आणि कोणत्या घोडीला कोणत्या नरापासून शिंगरू झाले, हे तीत काटेकोरपणे नोंदवलेले असते. मैदान सुटल्यानंतर त्या शिंगराचे काय झाले, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला.

वादाची सुरुवात ‘निवृत्त’ या शब्दापासूनच होते. हा घोडा साधारणपणे दुसऱ्या वर्षी धावू लागतो, सहा-सात वर्षांचा होण्याआधीच बहुधा मैदानाबाहेर पडतो आणि पुढे पंचविशीपर्यंत सहज जगू शकतो. जायबंदी झालेला, वेग कमी पडलेला, पैदाशीसाठी राखलेला, असे सगळेच या एका शब्दात बसवले जातात. पण शर्यतीसाठीच जन्माला घातलेला आणि कधीच न धावलेला घोडा निवृत्त म्हणायचा का? त्याला वगळले की आकडे सुसह्य दिसतात. खच्ची केलेल्या घोड्याला तर पैदाशीचाही आधार नसतो. या व्यवसायाने अशा गळतीसाठी ‘वेस्टेज’, म्हणजे नासाडी, हा शब्द बराच काळ वापरला. तो निदान प्रामाणिक तरी होता.

१९८६ च्या केंटकी डर्बी या अमेरिकेतील नामांकित शर्यतीचा विजेता फर्डिनांड पैदाशीसाठी जपानला विकला गेला आणि २००२ मध्ये त्याची कत्तल झाली, असे पुढच्या वर्षी उघड झाले. विजेत्याची ही गत, तर मागे पडणाऱ्यांची काय, असा संताप अमेरिकेत उसळला. तेथील घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले, आणि या निर्णयावरचा वाद आजही शमलेला नाही. सरकारी लेखापरीक्षणानुसार २०१० मध्ये सुमारे १ लाख ३८ हजार घोडे कत्तलीसाठी कॅनडा व मेक्सिकोला गेले. कत्तलखाने बंद होण्यापूर्वी कत्तल होणाऱ्या अमेरिकी घोड्यांची एकूण संख्या जवळपास एवढीच होती. (हे सर्वच जातींचे घोडे होते, केवळ शर्यतीचे नव्हेत.) बंदीच्या विरोधकांनी या आकड्याचा आधार घेतला खरा, पण त्यातून कत्तलखाने हवेत असे सिद्ध होत नाही, घोडा हस्तांतरित झाला की आधीच्या मालकाची जबाबदारी संपते, एवढेच दिसते.

२०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील कत्तलखान्यातले चित्रण दूरचित्रवाणीवर आले, तेव्हाही हेच तुटलेले दुवे समोर आले. ब्रिटनमध्ये २०२२ पासून शर्यतीत धावणाऱ्या घोड्याच्या पासपोर्टवर, म्हणजे त्याच्या ओळखपुस्तिकेवर, तो मानवी आहारासाठी नाही, अशी नोंद सक्तीची झाली. यामागची यंत्रणा मुळात घोड्यासाठी उभारलेली नव्हती. फेनिलब्युटाझोनसारखे वेदनाशामक दिलेल्या घोड्याचे मांस माणसाच्या ताटात जाऊ नये, यासाठी ती होती. त्या नोंदीमुळे खाटकाचा रस्ता बंद होतो, पण उरलेल्या वीस वर्षांच्या चाऱ्याचा, नालबंदीचा आणि उपचारांचा खर्च कोणी करायचा, हे ती ठरवत नाही. आणि वेदनारहित मृत्यू देण्यासाठी पशुवैद्य बोलावायचा, तर त्याचेही पैसे त्या दिवशी ज्याच्या दावणीला घोडा असेल त्यालाच मोजावे लागतात.