जठर लहान होतं, पण भूक का कमी होते?

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल बहुतेकांची समजूत अशी असते की जठर लहान केलं, त्यात अन्न मावत नाही, म्हणून माणूस कमी खातो. एवढंच असतं, तर या रुग्णांना दिवसभर भुकेनं बेजार केलं असतं. अनेकांचा अनुभव मात्र उलटा असतो. जेवायची वेळ टळली तरी आठवण होत नाही, थोडं खाल्लं की मन भरतं. हा बदल वजन फारसं उतरण्याआधीच, पहिल्या काही आठवड्यांतच जाणवू लागतो.

याचं एक कारण जठरातच आहे. १९९९ मध्ये मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा या जपानी संशोधकांनी ग्रेलिन हे संप्रेरक शोधून काढलं. ते प्रामुख्यानं जठराच्या वरच्या, घुमटासारख्या भागात तयार होतं. जेवणाआधी त्याची रक्तातली पातळी चढते, जेवल्यावर उतरते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ते 'आता खा' असं सांगतं. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि त्यात हा घुमटही जातो. त्यामुळे ग्रेलिनची पातळी ठळकपणे घसरते.

डाएट करून वजन घटवलं की नेमकं याच्या उलट घडतं. डेव्हिड कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे दाखवून दिलं. आहार नियंत्रणानं सुमारे १७ टक्के वजन घटवलेल्यांचं ग्रेलिन २४ टक्क्यांनी वाढलं होतं. गॅस्ट्रिक बायपास (अन्नाला जठराचा मोठा भाग टाळून पुढे नेणारी शस्त्रक्रिया) झालेल्यांमध्ये मात्र ते सामान्य वजनाच्या माणसांपेक्षाही ७७ टक्क्यांनी कमी होतं. (बायपासच्या बाबतीत पुढच्या सगळ्याच अभ्यासांत इतकी घट दिसली नाही, हेही सांगायला हवं.) शिवाय चरबी घटली की तृप्तीचा निरोप देणारं लेप्टिन कमी होतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की डाएटनं वजन घटवल्यावर वर्ष उलटलं तरी संप्रेरकं भुकेच्याच बाजूनं झुकलेली असतात. म्हणून वजन परत वाढलेल्या माणसाला 'तुझा निश्चयच कच्चा' असं ऐकवणं मला अन्यायाचं वाटतं. त्याचं शरीर महिनोन् महिने, रोज, अधिक खाण्याची मागणी करत असतं.

बायपासची खरी करामत आतड्यात आहे. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आणि मोठ्या आतड्यात 'एल' नावाच्या पेशी दाटीनं असतात. अन्न पोचलं की त्या जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरकं सोडतात. दोन्ही भूक शमवतात. जीएलपी-१ इन्सुलिनही वाढवतं. बायपासमध्ये अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याची सुरुवात टाळून थेट पुढे जातं. न पचलेलं अन्न एरवीपेक्षा लवकर आणि जास्त प्रमाणात या पेशींपर्यंत पोचतं, आणि जेवणानंतरची जीएलपी-१ची लाट कित्येक पटींनी उंचावते. स्लीव्हनंतरही जठर लवकर रिकामं होत असल्यानं अशीच लाट येते. टाइप २ मधुमेहाच्या अनेक रुग्णांची साखर शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच उतरते, त्यामागे कमी खाण्याबरोबर या लाटेचाही हात असतो.

ही संप्रेरकं खरोखरच खाणं कमी करतात का, हे तपासायला कारेल ल रू आणि सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग केला. आतड्यातल्या संप्रेरकांना रोखणारं ऑक्ट्रिओटाइड हे औषध त्यांनी रुग्णांना दिलं. बायपास झालेल्यांचं खाणं वाढलं. ज्यांच्या जठराभोवती फक्त पट्टा बसवला होता, त्यांच्या खाण्यात फरक पडला नाही. पट्टा फक्त वाट अरुंद करतो; संप्रेरकांचा हा बदल तो घडवत नाही.

तरीही सगळं श्रेय एकाच संप्रेरकाला देता येत नाही. ग्रेलिन नसलेल्या किंवा जीएलपी-१ला प्रतिसादच न देणाऱ्या उंदरांवर स्लीव्ह केली, तरी त्यांचं वजन घटतं. पित्ताम्लं, म्हणजे पित्तातली आम्लं, ज्याच्यामार्फत पेशींना निरोप देतात तो एफएक्सआर हा रिसेप्टर (निरोप टिपणारं प्रथिन) उंदरांमधून काढून टाकला, तेव्हा मात्र स्लीव्हचा परिणाम बराच ओसरला. म्हणजे पित्ताम्लं आणि बहुधा आतड्यातले जिवाणूही या बदलात सामील आहेत. मला या विषयातला सर्वांत रंजक भाग हाच वाटतो.

सेमाग्लुटाइडसारखी नवी औषधं जीएलपी-१चीच नक्कल करतात. शरीरातलं जीएलपी-१ दोनेक मिनिटांत निम्मं होतं, तर सेमाग्लुटाइडला निम्मं व्हायला सुमारे आठवडा लागतो. त्यामुळे औषधाचा प्रभाव सलग राहतो, शस्त्रक्रियेनंतरची लाट मात्र प्रत्येक जेवणामागे येते आणि ओसरते. औषध थांबवलं की बहुतेकांची भूक परतते. शस्त्रक्रियेनंतरचा बदल वर्षानुवर्षं टिकू शकतो, तरी काहींचं वजन पुन्हा वाढतंच.

या लाटेचा त्रासही होऊ शकतो. बायपासनंतर काहींच्या शरीरात गोड खाल्ल्यावर इन्सुलिन इतकं उसळतं, की एक ते तीन तासांत साखर धोकादायकरीत्या खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात. म्हणून थोडं थोडं, प्रथिनं जास्त आणि साखर कमी असं खायला सांगतात. बी-१२, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तर बायपास झालेल्यांना कायमच्याच घ्याव्या लागतात.