चौकोनी खिडकीची नऊ वर्षं

नाशिकमध्ये 'लेआउट' म्हटलं की आधी जमीन डोळ्यांसमोर येते. गट नंबर, एनए, आतले रस्ते, ओपन स्पेस, आणि "लेआउट पास झालं का?" हा ठरलेला प्रश्न. ऑटोकॅड या संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरच्या तळाला 'मॉडेल'शेजारी जे लेआउटचे टॅब दिसतात, त्यांचं या जमिनीशी काही नातं नाही. ते टॅब म्हणजे छापायचे कागद. मूळ ड्रॉइंग काढायची जागा ती मॉडेल स्पेस, आणि कागदावरून तिच्याकडे पाहायची खिडकी तो व्ह्यूपोर्ट. तरीही "लेआउटमधला व्ह्यूपोर्ट नीट कापून घे" असं सांगितल्यावर नवा मुलगा मॉडेल स्पेसमध्ये जाऊन प्लॉटच्या हद्दीबाहेरच्या रेषा ट्रिम करायला बसतो. हे मी दोनदा पाहिलंय. दुसऱ्या वेळी शेजारच्या गटातला अर्धा रस्ता कायमचा गेला होता आणि बॅकअप फाइलही त्यावर लिहून झाली होती.

दोष त्या मुलाचा कमी, शब्दांचा जास्त. 'व्ह्यूपोर्ट' हा शब्द तर आणखी गुंत्याचा. १९८८ च्या ऑटोकॅड रिलीज १० मध्ये तो आला तेव्हा त्याचा अर्थ फक्त पडदा विभागणं एवढाच होता: एका खणात प्लॅन, दुसऱ्यात समोरची बाजू, तिसऱ्यात थ्रीडी. फरशा बसवाव्यात तसे हे खण एकमेकांना चिकटलेले असत, म्हणून 'टाइल्ड'. दोन वर्षांनी, १९९० च्या रिलीज ११ मध्ये पेपर स्पेस, म्हणजे छापायच्या कागदाची जागा, आली आणि तिथल्या खिडक्यांनाही व्ह्यूपोर्टच म्हटलं गेलं. या मात्र तरंगत्या होत्या. सरकवता येत, एकमेकींवर चढत, आपापल्या स्केलच्या असत. एका खिडकीत एखादा लेयर, म्हणजे ड्रॉइंगचा एक थर, गोठवला (फ्रीझ केला) तरी दुसरीत तो दिसत राही. गुणधर्म इतके वेगळे असताना नाव एकच ठेवलं. त्यावर कडी म्हणजे मॉडेलमधून कागदावर जायचं तर 'टाइलमोड' हे सेटिंग शून्य करायचं. कागद हवा म्हणून फरशी शून्य! आमच्या पिढीने हे पाढ्यासारखं पाठ केलं. समजलं फार थोड्यांना. मॉडेलमध्येच ड्रॉइंग करायचं आणि तिथूनच प्लॉट (छपाई) द्यायचा, ही नाशिकच्या निम्म्या ऑफिसांची सवय तेव्हाची आहे.

त्याआधीच्या पाटावरच्या (ड्रॉइंग बोर्डावरच्या) कामात हा प्रश्नच नव्हता. ट्रेसिंगवर वर्तुळ काढायचं, आत मोठ्या मापाचं डिटेल काढायचं आणि अमोनिया प्रिंट मारायची. खिडकीचा आकार हात ठरवत असे.

रिलीज ११ मध्ये खिडकी चौकोनीच होती, आणि १९९९ पर्यंत ती चौकोनीच राहिली. त्या काळात इथे जे जुगाड रुळले, ते मूळ अडचण संपल्यावरही टिकले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी ड्रॉइंग करणारे थ्रेडचा किंवा चॅम्फरचा भाग कॉपी करून बाजूला न्यायचे, भोवती वर्तुळ काढून बाहेरचं ट्रिम करायचे आणि उरलेलं स्केल कमांडने मोठं करायचे. शीट १:१०० आणि डिटेल १:२० असेल तर पाचपट. मग डायमेन्शन खोटं दाखवू नये म्हणून डिमएलफॅक, म्हणजे मोजलेल्या मापाला गुणणारा आकडा, ०.२. मूळ भाग बदलला की ही कॉपी जुनीच राही. कॉलेज रोडकडची बांधकामाची ऑफिसं नको असलेल्या भागावर पांढरा ठिगळ टाकून मोकळी होत. १९९७ च्या रिलीज १४ मध्ये एक्सक्लिप आलं. बाहेरून जोडलेली फाइल किंवा ब्लॉक हव्या त्या बहुभुजात कापता येऊ लागला. खिडकी मात्र आहे तशीच.

१९९९ मध्ये ऑटोकॅड २००० आलं आणि एकदम बरंच मिळालं: एका फाइलला अनेक लेआउट, खिडकीचं स्केल हलू नये म्हणून लॉक, आणि खिडकी कापणारी व्हीपीक्लिप कमांड. आता वर्तुळ, लंबवर्तुळ, बंद पॉलिलाइन, काहीही निवडा, खिडकी त्या आकाराची होते. पॉलिलाइनमध्ये कमानी चालतात. ती स्वतःला छेदून गेली तरी चालते.

वाद झाला तो हे आतून कसं बसवलं यावर, आणि माझ्या मते तो आजही मिटलेला नाही. कापल्यावर जुना चौकोन नाहीसा होत नाही. तो नव्या आकाराला बाहेरून टेकून, न दिसता, तसाच राहतो. म्हणजे वस्तू दोन: खिडकी आणि तिची कड. कापलेल्या खिडकीवर क्लिक केलं की प्रॉपर्टीजमध्ये दोन नावं दिसतात, आणि स्केल बदलायचं तर यादीतून व्ह्यूपोर्ट वेगळा निवडावा लागतो. या रचनेच्या बाजूने बोलणारे सांगतात की व्हीपीक्लिपमध्ये डिलीट म्हटलं की चौकोन परत मिळतो, आणि कडेची ग्रिप (पकडायचा ठिपका) ओढून आकार बदलला तरी आतलं स्केल हलत नाही. दोन्ही खरं आहे. पण लेयरचं काय? कड ज्या लेयरवर आहे तो बंद केला तर खिडकी कापलेलीच राहते. तोच लेयर फ्रीझ केला तर कापणीच उडते आणि आजूबाजूचं सगळं शीटवर सांडतं. बंद आणि फ्रीझ यातला फरक ज्यांनी कधी पाळलाच नाही, त्यांनी रात्री अकरा वाजता प्लॉटरमधून निघालेलं शीट पाहून "व्हीपीक्लिप बेभरवशाचं" असा शिक्का मारला. खिडकीच्या कडा नो-प्लॉट (न छापल्या जाणाऱ्या) लेयरवर ठेवायच्या, एवढी शिस्त पुरली असती. मात्र ती शिकवायला क्लासमध्ये वेळ नव्हता. तिथे तेव्हा थ्रीडी विकलं जात होतं.

गरज वाढली ती नंतर. सप्टेंबर २००८ च्या पुरानंतर गोदाकाठच्या प्लॉटांच्या नकाशांत निळी आणि लाल पूररेषा कळीची झाली. नदी काही चौकोनी वाहत नाही. काठाने जाणारा पट्टा १:५०० ला एका शीटवर बसवायचा तर खिडकी वाकडी कापावी लागते, वर ती फिरवावीही लागते. २०१० च्या आवृत्तीपासून खिडकी फिरवली की आतलं चित्रही सोबत फिरतं. तोपर्यंत त्यासाठी यूसीएस (ड्रॉइंगचे अक्ष) फिरवून प्लॅन कमांड मारावी लागे. २००८ च्या आवृत्तीत एकाच लेयरला प्रत्येक खिडकीत वेगळा रंग, वेगळी जाडी देता येऊ लागली. मीटरमध्ये काढायच्या आपल्या सवयीमुळे स्केलचं गणित मात्र इथे वेगळंच राहिलं: कागद मिलिमीटरचा, म्हणून १:१०० ला १०एक्सपी (मॉडेलच्या एका एककाला कागदावर दहा), १:५०० ला २एक्सपी. परदेशी पुस्तकातला १/१००एक्सपी इथे टाकला की इमारत टिंबाएवढी होते.

२०१६ मध्ये कायमचा परवाना विकणं बंद झालं. छोटी ऑफिसं जुन्या आवृत्तीवर थांबली, नाहीतर डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या फाइल) उघडणाऱ्या स्वस्त पर्यायांकडे वळली. फाइल बदलल्या नाहीत. गेल्या महिन्यात एका ऑफिसची टेम्प्लेट फाइल उघडली, तर डायमेन्शन स्टाइलच्या यादीत 'डिटेल२०' होती, डिमएलफॅक ०.२. ती कोणी बनवली, हे तिथे कोणालाच सांगता येईना. वापरत मात्र सगळेच होते.