अठराचा हिशेब: प्रथिनातला 'रेसिड्यू' म्हणजे काय?

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला 'रेसिड्यू' हा शब्द शिकवावा लागत नाही. फवारलेल्या औषधाचा मण्यात राहिलेला अंश म्हणजे रेसिड्यू. तो मर्यादेपेक्षा जास्त निघाला की माल युरोपात जात नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशावरून असाच माल अडकला होता. त्याच घरातली मुलगी जीवरसायनशास्त्र शिकायला गेली, की तिच्यासमोर वाक्य येतं: 'इन्सुलिनमध्ये ५१ रेसिड्यू असतात.' इथे नको असलेलं, राहून गेलेलं असं काहीच नाही. हे ५१ घटक म्हणजेच अख्खं इन्सुलिन. मराठी पाठ्यपुस्तकातला 'अवशेष' हा प्रतिशब्द गोंधळ आणखी वाढवतो, कारण त्याने डोळ्यांसमोर पडका वाडा येतो. म्हणून या लेखात रेसिड्यूच म्हणू.

मग उरलं ते नेमकं काय, आणि गेलं काय? गेलं ते पाणी.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; इन्सुलिनही त्यातलंच. दोन अमिनो आम्लं जोडली जातात तेव्हा एकाच्या कार्बॉक्सिल गटातून ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी जाते, दुसऱ्याच्या अमिनो गटातून एक हायड्रोजन जातो, आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. उरलेल्या दोन भागांमध्ये पेप्टाइड बंध तयार होतो. सगळ्यात लहान अमिनो आम्ल ग्लायसिन. त्याचा रेणुभार ७५.०७ डाल्टन (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक). पाण्याचे १८.०२ वजा केले की साखळीतलं ग्लायसिन ५७.०५ चं उरतं. हा ५७.०५ चा तुकडा म्हणजे ग्लायसिनचा रेसिड्यू. बाटलीत असतं ते अमिनो आम्ल आणि साखळीत असतो तो रेसिड्यू. प्रथिनात '५१ अमिनो आम्लं आहेत' असं आपण सर्रास बोलतो. बोलताना ते चालतं, वजन काढताना चालत नाही.

साखळीच्या एका टोकाला हायड्रोजन आणि दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजन शिल्लक असतो. दोन्ही मिळून पाण्याचा एक रेणू होतो. म्हणून नियम असा: सगळ्या रेसिड्यूंचे भार मिळवा आणि दर साखळीमागे एकदाच १८ मिळवा. दोन ग्लायसिन जोडले तर ५७.०५ दुणे ११४.१०, अधिक १८.०२, म्हणजे १३२.१२.

हा नियम विसरला की काय होतं ते इन्सुलिनवर पाहा. त्यात २१ रेसिड्यूंची 'ए' आणि ३० रेसिड्यूंची 'बी' अशा दोन साखळ्या आहेत. पेप्टाइड बंध २० अधिक २९, म्हणजे ४९. पाण्याचे तेवढेच रेणू गेले. शिवाय गंधक-गंधक बंध तीन आहेत आणि प्रत्येक बंधामागे दोन हायड्रोजन जातात. हे सगळं वजा केल्यावर भार ५,८०८ डाल्टन येतो. बाटल्यांवरचे आकडे नुसते मिळवले तर उत्तर ६,६९६ च्या आसपास जातं. चूक पंधरा टक्क्यांची, आणि उजळणीत सहज निसटणारी, कारण बेरीज बरोबरच असते.

घाईच्या कामासाठी एक ठोकताळा आहे: रेसिड्यूंची संख्या गुणिले ११०. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ रेसिड्यू आहेत. ठोकताळ्याने १६,०६० येतात, प्रत्यक्ष भार १५,८६७ आहे. त्वचा आणि हाडांतल्या कोलॅजेन या प्रथिनात मात्र दर तिसरा रेसिड्यू ग्लायसिन असल्यामुळे उत्तर बरंच जास्त येतं. तिथे हा आकडा वापरू नये.

प्रथिन फोडताना हिशेब उलटा फिरतो. प्रयोगशाळेत ते ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, हवा काढून बंद केलेल्या नळीत, ११० अंश सेल्सिअसला २४ तास ठेवतात. प्रत्येक बंध तुटताना पाण्याचा एक रेणू आत जातो. त्यामुळे १०० ग्रॅम प्रथिनातून साधारण ११६ ग्रॅम अमिनो आम्लं मिळतात. खाद्यपदार्थातलं प्रथिन मोजताना हे जास्तीचं पाणी वजा केलं नाही, तर पदार्थ आहे त्याहून पौष्टिक दिसतो. या पद्धतीत रेसिड्यूही बिघडतात. ट्रिप्टोफॅन जवळजवळ पूर्ण नष्ट होतं, सेरिन आणि थ्रिओनिन थोडं थोडं घटतं. अ‍ॅस्पॅराजिनचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल होतं आणि ग्लुटामिनचं ग्लुटामिक आम्ल, म्हणजे मूळ कोणतं होतं हे कळायचा मार्गच बंद होतो. उलट व्हॅलिन आणि आयसोल्यूसिन शेजारी असले तर त्यांच्यातला बंध २४ तासांत पुरता तुटत नाही. म्हणून काळजीने काम करणारे एकाच नमुन्याच्या नळ्या २४, ४८ आणि ७२ तास ठेवतात. घटणाऱ्याचा आकडा मागे शून्य तासापर्यंत ओढून काढतात, आणि हळू सुटणाऱ्याचा ७२ तासांचा धरतात.

पिठूळ पदार्थांतही हेच अठरा लागतात. स्टार्चमधला ग्लुकोजचा रेसिड्यू १६२ चा, सुटं ग्लुकोज १८० चं. १०० ग्रॅम कोरडा स्टार्च पूर्ण फोडला तर १११ ग्रॅम ग्लुकोज मिळतं.

वजनाचं झालं. रेसिड्यूचं दुसरं काम पत्त्याचं. सुट्या अमिनो आम्लाला क्रमांक नसतो, रेसिड्यूला असतो. मोजणी मोकळ्या अमिनो टोकापासून सुरू होते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. १९५० च्या दशकात शास्त्रज्ञ व्हर्नन इन्ग्राम यांनी हिमोग्लोबिन ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या विकराने (एन्झाइमने) कापून त्याचे तुकडे कागदावर पसरले, तेव्हा निरोगी आणि सिकलसेलच्या नमुन्यांत एकच ठिपका वेगळा निघाला. ग्लुटामिक आम्लाच्या रेसिड्यूवर ऋण प्रभार असतो आणि तो पाण्यात रमतो. व्हॅलिन तेलकट. ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनमध्ये हा तेलकट ठिपका शेजारच्या रेणूच्या खोबणीत बसतो, रेणूंच्या लांब दोऱ्या होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते.

विदर्भात आणि नंदुरबारच्या सातपुडा पट्ट्यात हा आजार अनेक घरांत आहे, म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. जनुक तपासणीच्या अहवालात हाच बदल 'सातव्या' जागी लिहिलेला दिसतो. आजार तोच आहे. प्रत्येक प्रथिनाची बांधणी मेथिओनिनने सुरू होते आणि बीटा साखळीतलं ते मेथिओनिन पुढे कापलं जातं. जुनी पद्धत ते मोजत नाही, नवी मोजते. दोन अहवालांत सहा आणि सात दिसले तर घाबरू नये.

क्रमांक हा पत्ता असला तरी तो जवळीक सांगत नाही. कायमोट्रिप्सिन या पाचक विकराचं काम हिस्टिडिन ५७, अ‍ॅस्पार्टिक आम्ल १०२ आणि सेरिन १९५ हे तिघे मिळून करतात. साखळीत ते लांब आहेत, घडी पडल्यावर एकमेकांना खेटून. हे विकर तयार होताना मूळच्या २४५ पैकी १४, १५, १४७ आणि १४८ क्रमांकांचे रेसिड्यू कापून टाकले जातात. तरी पुढच्यांचे क्रमांक बदलत नाहीत. गल्लीतली चार घरं पाडली म्हणून बाकीच्यांच्या पाट्या कोण बदलतं?

लिस्प्रो या जलद इन्सुलिनमध्ये वजन आणि पत्ता यांची फारकत स्वच्छ दिसते. मानवी इन्सुलिनच्या 'बी' साखळीत २८ व्या जागी प्रोलिन आणि २९ व्या जागी लायसिन असतं. लिस्प्रोत या दोघांची फक्त अदलाबदल केली आहे. त्यामुळे रेणूंच्या जोड्या सैल पडतात, ते त्वचेखालून लवकर रक्तात जातात, आणि साध्या इन्सुलिनसारखं जेवणाआधी अर्धा तास न घेता ते पंधरा मिनिटं आधी घेतलं तरी चालतं. रेसिड्यू तेच, म्हणून भारही तोच, ५,८०८. अख्ख्या रेणूचं कितीही बारीक वजन केलं तरी दोन्ही इन्सुलिनं वेगळी ओळखता येत नाहीत. त्यासाठी साखळीचे तुकडे करून त्यातला एकेक रेसिड्यू क्रमाने वाचावा लागतो.