लॉर्ड लव्हॅटचा मृतदेह स्कॉटलंडला पोहोचला होता का?

स्कॉटलंडमधल्या फ्रेझर कुळाचा प्रमुख सायमन फ्रेझर, म्हणजे अकरावा लॉर्ड लव्हॅट, याच्याबद्दल एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. लंडनमध्ये शिरच्छेद झाल्यावर त्याच्या माणसांनी धड गुपचूप पळवलं आणि इन्व्हरनेसजवळच्या किर्कहिल इथे, वॉर्डलॉच्या कौटुंबिक समाधीघरात पुरलं, अशी ती गोष्ट. तिथे त्याच्या नावाची शवपेटीही आहे.

ही गोष्ट खरी नाही.

लव्हॅट पक्का राजकारणी. पदच्युत स्ट्युअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी झालेल्या 1715 च्या बंडात तो सरकारच्या बाजूने लढला आणि इन्व्हरनेस परत मिळवायला मदत केली. त्याबद्दल जुने गुन्हे माफ झाले. 1745 च्या दुसऱ्या बंडात मात्र त्याने स्ट्युअर्ट राजपुत्राला साथ दिली, तीही मुलाला पुढे करून. कलोडनच्या लढाईत बंडखोर हरल्यानंतर तो पकडला गेला. 9 एप्रिल 1747 रोजी टॉवर ऑफ लंडन या किल्ल्याजवळच्या टॉवर हिलवर, ऐंशीच्या घरात असताना, त्याचं डोकं उडवलं गेलं. ब्रिटनमध्ये कुऱ्हाडीने मृत्युदंड झालेला तो शेवटचा माणूस.

देह गावी न्यायला सरकारने आधी होकार दिला होता, मग तो फिरवला. दंतकथेला खतपाणी इथेच मिळालं असावं, असं मला वाटतं. प्रत्यक्षात दफन टॉवरमधल्याच सेंट पीटर चॅपलमध्ये झालं. त्याच्या शवपेटीवरची पाटी तिथे सापडली आहे.

किर्कहिलची पेटी न्यायवैद्यक तज्ज्ञ सू ब्लॅक यांच्या पथकाने तपासली. सांगाड्याला कवटी नव्हती, त्यामुळे आशा वाढली होती. 2018 च्या जानेवारीत निष्कर्ष जाहीर झाला: हाडं एका तरुण स्त्रीची आहेत. ती कोण, हा प्रश्न मला लव्हॅटपेक्षाही जास्त अस्वस्थ करतो.